नियम किती दिवसांचा?



आमच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर स्टीलचा एक उभा डबा असतो. त्यात कधी शेव, कधी चिवडा, सणावाराला शंकरपाळे. सेवानिवृत्तीनंतरची पहिली चार वर्षे मी रात्री साडेदहाच्या सुमारास त्या डब्यापाशी उभा राहून घालविली, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती फार थोडी असेल. भूक नसे. रात्रीचे जेवण व्यवस्थित झालेले असे. दूरदर्शनवरील बातम्या संपल्या, सौभाग्यवती निजावयास गेल्या, की पाय आपोआप तिकडे वळत. एक मूठ घ्यावयाची, झाकण लावावयाचे. पुन्हा झाकण काढावयाचे, आणखी एक मूठ. ज्याने छत्तीस वर्षे इतरांच्या खात्यांतील पैशापैशाचा हिशेब ठेवला, त्याला आज रात्री आपण किती मुठी खाल्ल्या हे विचारले असते तर सांगता आले नसते.

पुढे मधुमेह निघाला. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी ८.६ आली. डॉक्टर म्हणाले, "साहेब, खाण्यावर थोडे नियंत्रण ठेवा." हे 'थोडे' म्हणजे किती, हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. ती संदिग्धता माझ्या सोयीची होती.

आमचे थोरले बंधू, ज्यांना सारे अण्णा म्हणत, उदगीरला असत. त्यांचे उपवास आमच्या सैतवाळ समाजात प्रसिद्ध होते. दशलक्षण पर्वात दहाही उपवास, अष्टमी-चतुर्दशीला एकभुक्त, रात्रीच्या भोजनाला स्पर्श नाही. मला त्यांच्याविषयी आदर होता, आजही आहे. तथापि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण तीच या लेखाचे निमित्त आहे. उपवासाच्या आदल्या दिवशीचे धारणेचे जेवण आणि नंतरचे पारणे ही त्यांच्या घरची दोन मोठी पर्वे होती. एकभुक्ताच्या दिवशी त्यांच्या एका ताटात दोन माणसांचे अन्न मावत असे. पर्वाचे दिवस सोडले तर उरलेल्या वर्षभर सूर्यास्तापर्यंत त्यांच्या मुखाला कसलेच बंधन नव्हते. दुकानात गादीच्या शेजारी खारे शेंगदाणे, फरसाण आणि गोड चहा हे सतत चालू असे. मधुमेह, रक्तदाब आणि शेवटी मूत्रपिंडाचा विकार. लातूरला आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झाले तेव्हा त्यांना दिवसाचे पाणी मोजून मिळू लागले, मीठ मोजून, फळांतही निवड. एकदा पेल्यातील पाण्याकडे पाहत ते मला म्हणाले, "बघ, आता रोजचाच रसपरित्याग चालू आहे. पण हे जमा कोणाच्या खात्यात होणार?" आम्ही दोघेही हसलो. सहा वर्षांपूर्वी ते गेले.

त्यांच्या आजाराला उपवास कारणीभूत झाले असे मी म्हणत नाही. आनुवंशिकता आहे, बैठा व्यवसाय आहे. आमच्या वडिलांनाही हाच विकार होता. परंतु दहा दिवस अन्नाशिवाय राहू शकणाऱ्या माणसाला शेंगदाण्यांची वाटी दूर सारता येऊ नये, ही गोष्ट माझ्या मनातून जाईना. शक्ती कमी पडली असे म्हणावे, तर ती माझ्यापेक्षा त्यांच्यात शतपट होती. मग कमी काय पडले?

अण्णा गेल्यानंतरच्या चातुर्मासात एका मुनिसंघाच्या दर्शनास गेलो होतो. भारावलेल्या मनाने मी महाराजांना नमोस्तु करून म्हणालो की मला आजन्म सूर्यास्तानंतरच्या आहाराचा आणि सर्व गोड पदार्थांचा त्याग द्यावा. महाराजांनी विचारले, "यापूर्वी कधी घेतला होता?" मी म्हणालो, "होय, कुंथलगिरीला." "किती दिवस पाळला?" खोटे बोलण्याची ती जागा नव्हती. "अकरा दिवस," मी म्हणालो. महाराज शांतपणे म्हणाले, "मग आता आठ दिवसांचा घ्या. गोडाचे नंतर पाहू. आठ दिवसांनी पुन्हा या."

खरे सांगतो, मला तो थोडा अपमान वाटला. ज्या कुंथलगिरीवर १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेऊन देह ठेवला, त्या भूमीवर आपण आजन्म व्रताची भाषा केली आणि अकरा दिवसांत डब्यापाशी परत आलो, हे आठवले आणि अपमान गिळला. आठ दिवस पाळले. पुन्हा गेलो; पंधरा दिवसांचा दिला. मग चातुर्मासाच्या अखेरपर्यंतचा. नियम एवढाच होता की सूर्यास्तानंतर पाणी आणि औषध यांवाचून मुखात काही जाणार नाही. जैन वाचकांना यात नवल ते काय, असे वाटेल. नवल माझ्या बाबतीत होते.

पुढे आचार्य समंतभद्रांचे 'रत्नकरंड श्रावकाचार' वाचताना उलगडा झाला. भोगोपभोगांच्या मर्यादेविषयी लिहिताना आचार्य 'नियम' आणि 'यम' असे दोन प्रकार करतात. ठरावीक कालासाठी घेतलेला तो नियम. आयुष्यभरासाठी घेतलेला तो यम. आणि नियमाचा काल किती लहान असू शकतो, हेही ते सांगतात: आजचा दिवस, एक रात्र, एक पक्ष, एक महिना, एक ऋतू, सहा महिने. कोणकोणत्या गोष्टींचा? भोजनाचा तर आहेच, शिवाय वाहन, शय्या, स्नान, तांबूल, वस्त्र, अलंकार, संगीत. म्हणजे गृहस्थाने रोज सकाळी उठून आजच्या दिवसापुरती एखादी रेघ आखून घ्यावी, अशी ही योजना आहे. आपण बँकवाले मुदत ठेवीला जसे पाहतो तसे मी याकडे पाहू लागलो. मुदत संपली की रक्कम हाती येते आणि नूतनीकरण आपल्या मर्जीने करावयाचे असते. यम ही कायमची देणगी झाली. ज्याच्याजवळ अजून काही साठलेलेच नाही, त्याने देणगीची घोषणा करण्याची घाई करू नये.

आता मूळ प्रश्न. डॉक्टरांचे 'थोडे नियंत्रण' चार वर्षे निष्फळ ठरले आणि महाराजांचे आठ दिवस लागू पडले, हे कसे?

शाखाधिकारी असताना माझ्या कर्जमंजुरीच्या अधिकाराला एक मर्यादा ठरलेली असे. मर्यादेच्या आतील अर्ज घेऊन एखादा ओळखीचा माणूस समोर बसला की माझी खरी परीक्षा सुरू होई. तो जुने संबंध काढी, मुलीच्या लग्नाचे सांगे, आणि मंजुरी देणे न देणे माझ्याच हाती असल्यामुळे मला प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यावे लागे. अशा बैठकीनंतर डोके दुखत असे. कित्येकदा दिले नसते तर बरे झाले असते अशी कर्जेही दिली गेली. उलट अर्ज मर्यादेबाहेरचा असला की मी अगदी शांत असे. "हे माझ्या अधिकारात नाही, क्षेत्रीय कार्यालयाकडे पाठवावे लागेल," एवढे बोलून चहा मागवीत असे. समोरचाही वाद घालत नसे.

'थोडे खा' ही मर्यादेच्या आतली गोष्ट आहे. प्रत्येक मूठ हा नवा अर्ज होतो, आणि तो घेऊन येणारी जिव्हा ही आपली जन्मापासूनची ओळखीची. आज दमलो आहे, आज पाहुणे आले होते, आज दुपारी कमी जेवलो होतो. तिच्याजवळ कारणांची कधीच वाण नसते. रात्री साडेदहा वाजता, एकट्याने, तिच्याशी वाद घालून कोण जिंकणार? 'सूर्यास्तानंतर नाही' म्हटले की अर्ज दाखलच होत नाही. पहिले आठ-दहा दिवस पाय फळीकडे वळले हे खरे. त्यानंतर ते वळणेही कमी झाले. इच्छा दडपून दडपून मी थकलो, असा अनुभव आला नाही. मिळणार नाही हे एकदा पक्के झाल्यावर ती फार वेळ ताटकळत बसत नाही, असा आला.

मुनींच्या आहारचर्येत हेच अधिक तीव्र रूपात दिसते. सहा बाह्य तपांत वृत्तिपरिसंख्यान नावाचे एक तप आहे. आहाराला निघण्यापूर्वी मुनी मनात एक विधी ठरवितात: अमुक प्रकारे पडगाहन झाले तरच आहार, नाहीतर परत. श्रावक दाराशी कलश, श्रीफळ घेऊन उभे असतात, विधी कोणालाच ठाऊक नसतो. तो मिळाला नाही तर महाराज भरल्या घरांवरून शांतपणे परत फिरतात. आम्ही लहानपणी हे पाहून हळहळत असू. आज त्यातील एक गोष्ट मला विशेष वाटते, ती ही की निर्णय अन्न दिसण्यापूर्वी झालेला असतो. दाराशी आल्यावर विचार करण्यासारखे काही उरतच नाही. भगवान महावीरांच्या अभिग्रहाची आणि चंदनबालेची कथा आपल्या सर्वांना ठाऊक आहे. तिच्यातही हेच आहे.

पाश्चात्त्य मानसशास्त्रानेही या दिशेने काही काम केले आहे. पीटर गोल्विट्झर या शास्त्रज्ञांनी १९९९ साली मांडलेल्या प्रबंधात असे दाखविले की 'मी हे करीन' असा नुसता संकल्प करणाऱ्यांपेक्षा 'अमुक वेळ आली, अमुक प्रसंग आला, की मी अमुक करीन' असे आधीच ठरविणारे लोक ते पुष्कळ अधिक प्रमाणात पार पाडतात.

आपल्या मराठवाड्यातील उदाहरण तर अगदी जवळचे आहे. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी सांगितलेली आहारपद्धती गेल्या काही वर्षांत घरोघरी पोचली. मूळ विचार नागपूरचे दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार यांचा. दीक्षितांनी तो स्वतः आचरून पाहिला आणि गावोगाव व्याख्याने देऊन लोकांसमोर मांडला. दिवसात कडकडून भूक लागण्याच्या दोन वेळा ओळखा, त्या दोनच वेळी जेवा, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांच्या आत संपवा. मधल्या काळात पाणी, पातळ ताक यांसारखे काही चालेल, बाकी काही नाही. खाल्ले की शरीरात इन्सुलिन स्रवते, म्हणून खाण्याच्या वेळा कमी करा, असे त्यामागील तर्कशास्त्र. या पद्धतीवर आहारतज्ज्ञांत मतभेद आहेत आणि त्यांचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही. मात्र लातूर-नांदेडकडील सामान्य माणसाने ती इतक्या झटकन का उचलली, याचे मला एक कारण दिसते. तिच्यात उष्मांक मोजावयाचे नाहीत, वजनकाटा ताटाशेजारी ठेवावयाचा नाही. मोजावयाचे ते दोन. पाळले की नाही, याचे उत्तर 'होय' किंवा 'नाही' असेच येते.

आमच्या शेजारी राहणाऱ्या ओसवाल भाभीजींना मी ही पद्धती मोठ्या उत्साहाने समजावून सांगितली होती. त्या ऐकत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, "भाईसाहेब, हे तर आमचे बियासणे झाले. फक्त आम्ही उकळलेले पाणी पितो." त्यांचे म्हणणे बाह्य रूपापुरते बरोबर होते. उद्देश निराळा: तिकडे मेद, इकडे कर्मनिर्जरा. पण ज्या घरात नवकारसीपासून, म्हणजे सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटे मुखात काही न घालण्यापासून, आयंबिलापर्यंत लहानमोठ्या नियमांची अशी उतरंड रचून ठेवलेली आहे, त्या घरांतही आज मधुमेहाची औषधे आहेत. नियम आपल्याजवळ आहेत, पण ते पर्वांच्या दिवशी बाहेर निघतात आणि एरवी जरीच्या शालूसारखे कपाटात असतात.

आपल्या दिगंबर घरांत एक जुनी पद्धत होती, आजही काही वृद्ध पाळतात. दूध, दही, तूप, तेल, गोड, मीठ हे सहा रस; सातवी हिरवी भाजी; आणि सात वार. रविवारी मीठ नाही, शनिवारी तेल नाही, असा क्रम लावलेला. आई शनिवारी तव्यावर कोरडी भाकरी आणि उकडलेल्या डाळीचे वरण करी, आणि त्यात कोणालाही तप वाटत नसे. शनिवारी असेच असते, एवढेच. ऊनोदराचेही तसेच. शास्त्रांत पुरुषाचा आहार बत्तीस घास आणि स्त्रीचा अठ्ठावीस घास धरला आहे, त्यातून एक घास कमी घेतला तरी ते तप मानले आहे. एक घास! अण्णांच्या दहा उपवासांपुढे तो कोणाच्या दृष्टीलाही पडला नसता.

नियमाला पळवाटा काढण्यात मात्र आम्ही श्रावक कुशल. कंद सोडले की कच्च्या केळ्यांचे वेफर दुप्पट होतात. हिरवे वर्ज्य असलेल्या तिथीला काजूची भाजी येते. साखर सोडलेले माझे एक स्नेही खजुराच्या बर्फीचे चार तुकडे उचलतात आणि वर मला तिचे पोषणमूल्य ऐकवितात.

या बाबतीत गांधीजींच्या चरित्रातील तीन प्रसंग मला वरचेवर आठवतात. १८८८ साली विलायतेस जाण्यापूर्वी, आईचे समाधान व्हावे म्हणून, बेचरजी स्वामी या जैन साधूंनी त्यांना मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा दिली. तेथे गेल्यावर अंडे हे मांसात मोडत नाही, असे सांगणारी एक व्याख्या त्यांना भेटली आणि काही काळ त्यांनी अंडी खाल्लीही. मग त्यांच्या लक्षात आले की प्रतिज्ञेचा अर्थ ती देणाऱ्याच्या मनात जो होता तोच धरला पाहिजे. आईच्या मते अंडे मांसातच मोडत होते. त्यांनी ते सोडले. कराराचा अर्थ लावण्याचा हा नियम कोणत्याही बँकेच्या विधी विभागाने मान्य करावा असा आहे.

दुसरा प्रसंग १९१५ सालच्या हरिद्वारच्या कुंभमेळ्यातील. चोवीस तासांत पाचांहून अधिक पदार्थ खावयाचे नाहीत आणि अंधार पडल्यावर काही खावयाचे नाही, असे व्रत त्यांनी तेथे घेतले. आजारपणातील औषधसुद्धा त्या पाचांतच मोजावयाचे, कोणताही अपवाद ठेवावयाचा नाही, असे ठरविले. तिसरा त्यानंतर तीन-चार वर्षांनी, आपल्या मुंबईतला. दूध न घेण्याचे व्रत त्यांनी पूर्वीच घेतले होते. आजारपणाने शरीर खंगले. माथेरानला हवापालट झाला, मुंबईत डॉ. दलालांनी दूध घेतल्याशिवाय शरीर सावरणार नाही असे सांगितले, आणि कस्तुरबांनी शेळीच्या दुधाचा मार्ग काढला. व्रत घेताना मनात गाय-म्हैसच होती, या आधारावर त्यांनी ते घेतले. आपण व्रताचे अक्षर राखले, आत्मा राखला नाही, हे शल्य त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात नोंदवून ठेवले आहे.

एवढ्या मोठ्या पुरुषाविषयी माझ्यासारख्याने मत देणे धाडसाचे आहे, पण मला वाटते की दुधाचे ते शल्य टाळता येण्यासारखे होते. व्रत घेतानाच आजारपणाचा अपवाद लिहून ठेवला असता तर अक्षर आणि आत्मा यांची फारकत करावी लागली नसती. हे मी माझ्याच एका फजितीवरून शिकलो.

पहिल्या चातुर्मासात, भाद्रपदाच्या अखेरीस, एका रात्री तीन वाजता मला दरदरून घाम फुटला, हात कापू लागले. सौभाग्यवतींनी यंत्रावर साखर पाहिली, ६२ भरली. मधुमेहाच्या गोळ्या पूर्वीच्याच मात्रेत चालू आणि सायंकाळचे जेवण मात्र लवकर व कमी, हा सरळ हिशेब मी डॉक्टरांना विचारून जुळविला नव्हता. चूक माझी. त्यांनी पेलाभर साखरपाणी माझ्या ओठांशी लावले. मी मान फिरविली, म्हणालो, "नियम आहे." त्या आयुष्यात माझ्यावर फार थोड्या वेळा रागावल्या आहेत. त्या रात्री रागावल्या. पाणी प्यालो.

सकाळी प्रकृती ठीक होती. मन ठीक नव्हते. नियम मोडला, आता राहिले काय, असा एक विचित्र सैलपणा आला. त्या दिवशी मी बाजारातून मिरचीवडे आणविले, दुपारी आणि संध्याकाळी खाल्ले, आणि सूर्यास्तानंतर कित्येक दिवसांनी तो डबा खाली उतरविला. १९७५ साली हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग मी नंतर वाचला. खाण्यावर बंधन घालून घेणाऱ्यांना त्यांनी आधी मिल्कशेक प्यावयास दिला आणि मग आइस्क्रीम हवे तेवढे खा म्हटले. ज्यांनी मिल्कशेक प्यायला होता ते, न प्यायलेल्यांपेक्षा, अधिक आइस्क्रीम खाऊन गेले. एकदा मोडलेच, मग आता कशाला जपावयाचे, ही ती वृत्ती. वाचताना मला माझे मिरचीवडे आठवले.

भाभीजींना ही हकीकत सौभाग्यवतींनी सांगितली. त्या म्हणाल्या, "यात मोडले काय? आमच्या पच्चक्खाणात आगार आधीच बोललेले असतात." मी त्यांच्याकडून ते समजावून घेतले. अनाभोग म्हणजे विस्मरणाने खाल्ले गेले. सहसाकार म्हणजे अचानक, नकळत मुखात गेले. मोठ्या पच्चक्खाणांत आणखी काही येतात, त्यांत समाधी राखण्यासाठी, म्हणजे तीव्र पीडेत औषधोपचारासाठी, ठेवलेला एक आगार असतो. नियम घेतानाच, शुद्धीत असताना, त्याची सूट त्यात लिहिलेली. ऐन वेळी स्वतःच्या सोयीने शोधलेली सूट आणि आधी नोंदविलेली सूट यांत केवढे अंतर आहे, हे लेखापरीक्षण केलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन गोळ्यांची मात्रा आणि वेळा बदलून घेतल्या. नियमाच्या वहीत एक ओळ वाढविली: साखर ७० च्या खाली गेल्यास ताबडतोब साखरपाणी, तो भंग नाही. ज्यांना इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी उपवास, एकभुक्त, दोनच जेवणे यांपैकी काहीही सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, ही विनंती मी हात जोडून करतो. साखरपाण्याचा पेला दूर सारण्यात धर्म नव्हता, मूर्खपणा होता.

नियमाने प्रत्येक भूक आवरते असेही नाही. समंतभद्राचार्यांच्याच विषयीची परंपरेतील कथा पाहा. मुनी असताना त्यांना भस्मक व्याधी झाला. कितीही खाल्ले तरी भस्म होऊन जावे आणि भूक तशीच राहावी, असा तो रोग. त्यांनी गुरूंकडे सल्लेखनेची अनुमती मागितली. गुरूंनी ती नाकारली, दीक्षा सोडून आधी रोग बरा करण्याची आज्ञा केली. कथा सांगते की त्यांनी वेष पालटून एका शिवमंदिरातील नैवेद्यावर काही काळ काढला आणि व्याधी शमल्यावर पुन्हा दीक्षा घेतली. कथेचा ऐतिहासिक भाग किती, ते पंडितांनी पाहावे. मला तिच्यात गुरूंचा विवेक दिसतो. घरातील एखादे मूल लपून खात असेल, खाऊन मुद्दाम उलटी करीत असेल, किंवा एखादी मुलगी वजनाच्या धास्तीने ताटच टाळीत असेल, तर तेथे आणखी एखादा नियम देऊ नये. तो आजार आहे; डॉक्टरांकडे न्यावे.

माझ्यापुरते सांगावयाचे तर आज माझे नियम तीनच आहेत. सूर्यास्तानंतर नाही. उभ्याने आणि डब्यातून नाही. जे खावयाचे ते ताटात किंवा वाटीत वाढून, बसून. आणि लग्नकार्यात एकच गोड पदार्थ, तो घरून निघण्यापूर्वी ठरविलेला नसला तरी एकदाच वाढलेला. तिसऱ्याचा त्रास सर्वांत जास्त. आपल्याकडील आग्रह वाचकांना ठाऊकच आहे. गेल्या हिवाळ्यात नांदेडच्याच एका मंगल कार्यालयात माझे मेव्हणे जिलेबीचे ताट घेऊन समोर उभे राहिले. "दाजी, एक तरी. माझी शपथ." पूर्वी अशा वेळी मी साखरेचे आकडे सांगत बसे आणि ते "एकाने काय होते" म्हणत. या वेळी म्हणालो, "नियम आहे." त्यांनी ताट तसेच पुढल्या पाटावर नेले. जैनांच्या पंगतीत या दोन शब्दांना अजून मान आहे, हे आपले भाग्य.

दोन चातुर्मास मात्र मोडले. एकदा मुलाकडे पुण्याला गेलो असताना, आणि एकदा काहीही कारण नसताना. दोन्ही वेळा मोडल्याची तारीख वहीत लिहिली आणि पुढचा नियम आठ दिवसांचाच घेतला. गेल्या तपासणीत सरासरी साखर ७.१ आली. डॉक्टर समाधानी आहेत. मला अजून थोडी खाली हवी आहे.

वहिनी, अण्णांच्या पत्नी, अजूनही दर दिवाळीला उदगीरहून शेवेचा डबा पाठवितात. अण्णांना आवडे तशीच, ओवा जरा जास्त घातलेली. या वर्षीही येईल. माझा चालू नियम कार्तिक पौर्णिमेपर्यंतचा आहे. त्यामुळे दुपारी चारच्या सुमारास एक वाटी काढून, खुर्चीत बसून खाईन. झाकण सौभाग्यवती लावतील.